अकरा महिन्यांपूर्वीचा कॉम्प्युटर

दि. ९ मार्च

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तू बरी असशील असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक. गुडघा होता तसाच आहे. इमारतीचा जिना रंगवला, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा आता लागतो. तू चार वर्षांपूर्वी येऊन गेलीस तेव्हा तो बंद होता. त्या दिवशी नेमकी तुझी आई घरी नव्हती. तुम्हा दोघींची चुकामूक झाली याची मला खंत आहे.

तुझा पत्ता मावशीने दिला. आधी नाही म्हणत होती. तेव्हा रागवायचं असेल तर तिच्यावर थोडं रागव, बाकीचं माझ्यासाठी ठेव.

आईला जाऊन आज बावीस दिवस झाले. मावशीने तुला फोन केला तेव्हा तू 'किती वाजता?' एवढंच विचारलंस आणि ठेवलास, असं तिने सांगितलं. मी त्यावर काही म्हणत नाही. फोनवर मलाही बोलता येत नाही. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. तिथे आवाज इतका की शेजारच्याला काही सांगायचं तर पाटीवर लिहून दाखवायचं. ती सवय राहिली आहे, म्हणून पत्र.

काम असं आहे की आईचा कॉम्प्युटर सुरू होत नाही.

तू लग्नाआधी बॅकअपची व्यवस्था लावून दिली होतीस. बाहेरच्या डिस्कच्या डब्यावर तू चिकटवलेलं कार्ड अजून आहे. 'महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क जोडा. हिरव्या चित्रावर दोनदा क्लिक. शंभर टक्के झाल्याशिवाय डिस्क ओढू नका, बाबा. ही नुसती फाइलींची नक्कल नाही, अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज आहे, म्हणजे फोटोच समजा. बंद पडला तर यावरून जसाच्या तसा उभा करता येतो.' 'जसाच्या तसा' याच्याखाली तू रेघ मारली आहेस.

मी काय काय केलं ते तारखेवार देतो, म्हणजे तुला विचार करायला सोपं.

२६ फेब्रुवारी. कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, त्यावर पांढरी ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. चार वेळा बंद करून लावला. तेच.

२७ फेब्रुवारी. तू ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहिला. आधी दाद देईना. लावल्याबरोबर वरच्या ओळीतली कळ सारखी दाबत राहावी लागते, हे तुझ्या कार्डाच्या मागे बारीक अक्षरात सापडलं.

२८ फेब्रुवारी. इमेज उतरवायचा प्रोग्रॅम उघडला. त्याला बाहेरची डिस्क दिसते, पण कॉम्प्युटरच्या पोटातली दिसत नाही.

१ मार्च. पोट उघडलं. धूळ काढली. सगळ्या वायरी काढून, पुसून, जागच्या जागी बसवल्या. गोल सेल बदलला. यानंतर आतली डिस्क दिसायला लागली.

२ मार्च, पहिला रविवार. शेवटची इमेज निवडून उतरवली. तीन तास दहा मिनिटं लागली. शंभर टक्के झाले. मगच डिस्क काढली.

तरीही सुरू होत नाही. काळा पडदा, जवळजवळ तीच ओळ. आठवडाभर खटपट करतो आहे. शंभर टक्के होऊनही असं का, हा माझा प्रश्न.

आईचं त्यात एक काम आहे. ते ~~छपून~~ छापून तुला पाठवायचं मी तिला कबूल केलं आहे. (वरची खाडाखोड आणि शेजारची सही पाहून हसू नकोस. पंपघराच्या नोंदवहीत काही पुसायचं नाही, असा नियम. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा आणि सही. हात आपोआप तसा चालतो.)

घाई नाही. पण जमेल तितक्या लवकर कळव.

तुझे,
बाबा


दि. ३० मार्च

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरा ओळी. वर मायना नाही, खाली नाव नाही, सगळ्या ओळींना आकडे घातलेले. अक्षर मात्र तुझंच, 'र'ला अजून शेपूट काढतेस. मला एवढंही अपेक्षित नव्हतं.

मी एक ओळ वाचायची, एक काम करायचं, या पद्धतीने गेलो. तिसऱ्या ओळीत तू म्हटलंस की सेल काढला की कॉम्प्युटर आपली जुनी सेटिंग विसरतो, आणि सुरू व्हायची पद्धत बदलून बसतो, त्यामुळे इमेज नीट उतरली तरी ती त्याला ओळखू येत नाही. अगदी तसंच होतं. सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन मी पद्धत जुनी केली, तारीख बरोबर केली आणि नवव्या ओळीप्रमाणे पुन्हा लावला.

सुरू झाला.

तू म्हटलं होतंस तसा, जसाच्या तसा. पडद्यावर आईची पिवळी चिठ्ठी, 'सोमवार: प्रबंध पान ११२ पासून. बाईंना तळटिपांचं विचारणे.' ज्यांचा प्रबंध ती टाइप करत होती त्या बाईंचं काम नंतर दुसरीकडे गेलं, त्यांना पदवीही मिळाली असेल. इथे मात्र सोमवार अजून यायचा आहे. पत्त्यांचा खेळ अर्धवट सोडलेला. लाल राणी कुठे लावायची ते मलाही दिसत होतं, पण मी हात लावला नाही.

हा कॉम्प्युटर गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला आहे. पहिल्या रविवारचा. त्यानंतर मी बॅकअप घेतला नाही.

मावशीने तुला आजाराचं सांगितलं नसेल. तुझ्या आईनेच तिला शपथ घातली होती. तर मी सांगतो. त्या रविवारनंतर चार दिवसांनी तिच्या हातून कप पडला. आम्ही हसलो. मी म्हटलं, वय झालं तुझं. ती म्हणाली, तुमचं व्हायचंय का अजून? मग उजव्या हाताची दोन बोटं वळेनात. जूनपर्यंत डावा हात. नसांचा आजार, यावर इलाज नाही, असं तिसऱ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. पहिले दोघे सांगायला बिचकत होते. सप्टेंबरपासून ती पलंगावर. बोलणं शाबूत होतं, थोडं थकून यायचं. पहिले रविवार सगळे दवाखान्यात नाहीतर तिच्या उशाशी गेले.

'तिला कळवू या' असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, तेही लिहून ठेवतो. ती म्हणायची, 'मला असं बघायला ती येणार, आणि तुम्ही दार उघडणार. नको. मी लिहिते, माझ्यानंतर द्या.'

पण लिहिणार कशी? मिनिटाला साठ शब्दांचा हात, आणि पाण्याचा पेला धरवत नव्हता. मग ती सांगायची आणि मी टाइप करायचो. एका बोटाने. तिच्या कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेली आहेत, तुला आठवत असेल. तिला कधी गरजच पडली नाही. मी विचारायचो, 'ळ कुठे आहे?' ती डोळे मिटून सांगायची, 'खालच्या ओळीत या. अजून उजवीकडे. तुमची उजवी कुठली?' एका दिवसात अर्धं पान झालं तर खूप. कंटाळली की म्हणायची, 'जन्मभर लोकांचे प्रबंध टाइप केले, आणि माझ्या वाटणीला हा टायपिस्ट.' एकोणीस दिवस लागले. जानेवारीत संपलं. ते तुला लिहिलेलं पत्र होतं. मी मागच्या वेळी 'एक काम' म्हटलं ते हेच.

आता दहाव्या ओळीकडे येतो.

तुझ्या नऊ ओळी पुढच्या बाजूला होत्या आणि दोन मागे. पान उलटायचं माझ्या लक्षात आलं ते कॉम्प्युटर सुरू झाल्यानंतर. तू लिहिलंस, 'सगळ्यांत महत्त्वाचं. इमेज नव्या डिस्कवर उतरवलीत की जुन्याच? जुन्याच डिस्कवर उतरवली असेल तर वरचं काहीही करू नका, कॉम्प्युटर लावू नका, आधी मला कळवा.'

मी तो लगेच बंद केला. पुन्हा लावलेला नाही. उद्या तो उचलून शाळेमागच्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेतो. दहाव्या ओळीचं उत्तर त्यांच्याशी बोलून झाल्यावर देतो.

अकरावी ओळ. 'आईचा कीबोर्ड टाकू नका. त्याचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत येतो.' टाकलेला नाही. ही ओळ मी बऱ्याच वेळा वाचली.

तुझे,
बाबा


दि. २१ एप्रिल

चि. मुलीस,

दहाव्या ओळीचं उत्तर: जुन्याच डिस्कवर.

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं. आधीच्या दोन्हींत पहिला परिच्छेद माझ्या गुडघ्याबद्दल होता.

दुरुस्तीवाल्या बाई चाळिशीच्या आहेत. कपाळावर दिवा बांधून काम करतात, बोलायला फटकळ. गाळ्यात पाच-सहा कॉम्प्युटर पोट उघडून पडलेले. मी आमचा टेबलावर ठेवला आणि तारखेवार लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"काका, असं गिऱ्हाईक रोज मिळालं तर मी लवकर म्हातारी होणार नाही," म्हणाल्या. मग एक तारखेच्या नोंदीवर बोट ठेवलं. "वायरी काढून परत बसवल्यात?"

"हो."

"आणि मग डिस्क दिसायला लागली?"

"हो."

"मग एकदा नुसता लावून बघितलात?"

"नाही. दुसऱ्या दिवशी इमेज उतरवली."

त्यांनी कपाळावरचा दिवा बंद केला. आतली एक चपटी वायर काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या टोकाची खिटी मोडलेली होती. "ही सैल झाली होती. डिस्क ठणठणीत आहे. त्या दिवशी नुसता लावून ते सेटिंग तेवढं बदललं असतंत तर सगळं जागच्या जागी मिळालं असतं. घराला कुलूप अडकलं म्हणून तुम्ही घर पाडलंत आणि जुन्या नकाशावरून पुन्हा बांधलंत."

मी ती खिटी बोटाने चाचपत राहिलो. त्यांना वाटलं मला लागलं. "बसा, चहा सांगते," म्हणाल्या. "काय होतं त्यात?"

"बायकोने मुलीला लिहिलेलं पत्र."

"मुलगी कुठेय?"

"लांब."

"आणि बायको?"

मी वायर परत दिली. नंतर त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. सतरा दिवस त्यांनी ती डिस्क वेगळ्या यंत्राला जोडून चाळली. जे पुसलं गेलं त्यातलं काही खाली दबून राहतं, वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर सापडतं, म्हणाल्या. इमेज उतरवली तिथे बरंचसं गेलं. तुझ्या नऊ ओळींप्रमाणे मी तो सुरू केला तेव्हा आणखी थोडं गेलं. त्यात तुझा दोष नाही, पान मी उलटलं नाही. काल त्यांनी सापडलेलं छापून दिलं. दीड ओळ आहे:

'स्टुलावर चढताना एक हात भिंतीला ठेवत जा. तू घाई करतेस. माळ्यावरचं काही इतकं महत्त्वाचं'

तिथे तुटतं. "काका, एवढंच," म्हणाल्या आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरच्या पोटात तोंड घालून बसल्या.

आता जे त्यांना सांगितलं नाही ते.

पंप दुरुस्त केला की आधी तो नुसता चालवून बघायचा, मग पुढचं. हे मी सव्विसाव्या वर्षी शिकलो आणि नंतर नव्या माणसांना शिकवलं. एक तारखेला वायरी बसवून झाल्यावर, डिस्क दिसल्यावर, माझा हात बटणाकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने लाल चौकटीत विचारलं, 'या डिस्कवर आत्ता असलेलं सर्व पुसलं जाईल. पुढे जायचं?' मी ते तीन वेळा वाचलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेजारी इमेजची तारीख होती, गेल्या वर्षीचा एप्रिल. कप पडायच्या चार दिवस आधीची. मी त्या तारखेकडे बघत बसलो होतो. तू 'जसाच्या तसा' लिहिलं होतंस. शहाण्या माणसाने असा विचार करू नये, पण मला वाटलं की तो सुरू झाला की आतल्या खोलीतून कळांचा आवाज येईल.

एवढ्यावर थांबलो असतो तर तू कदाचित माझी कीव केली असतीस. पण पत्र मी विसरलो नव्हतो. 'हो' दाबताना ते मला आठवत होतं. तिने पुन्हा टाइप करायला बसावं असं मला वाटत होतं, आणि ते पत्र कुणाच्या हाती पडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच कळीने होणार होतं. मी दाबली.

का, ते सांगतो. ही गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नाही.

डिसेंबरचा शेवट. दुपार होती, चारच्या सुमाराची. पत्राचं सहावं पान चाललं होतं. तिचा पलंग भिंतीकडे, त्यामुळे तिला पडदा दिसत नसे. ती फक्त ऐकायची. तू सासरहून आठ महिन्यांनी परत आलीस, मी तुला 'तुझं घर आता तिकडे' म्हणालो आणि बॅग उचलून जिन्यात ठेवली, हे सगळं तिने सांगितलं होतं आणि मी टाइप केलं होतं. ते मला टाळता आलं नाही, कारण ते तू पाहिलं आहेस. मग ती चार वर्षांपूर्वीच्या दिवसावर आली. तिने चार वाक्यं सांगितली. मी पहिल्या वाक्याचे तीन शब्द टाइप केले आणि मागे जायच्या कळीने खोडले.

ती कळ जरा सैल आहे. वेगळी वाजते.

"खोडलंत का?" तिने विचारलं.

"चुकलं होतं."

"काय चुकलं?"

"अक्षर."

मग मी थोडा वेळ नुसतीच स्पेसची कळ दाबत राहिलो, लिहितो आहे असं वाटावं म्हणून. पस्तीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला.

"झालं?"

"झालं."

"वाचून दाखवा."

मी वाचलं. चारही वाक्यं, तिने सांगितली होती तशी, शब्द न् शब्द. पडद्यावर त्या जागी काही नव्हतं.

ती म्हणाली, "आज हात चांगलाच चालला तुमचा. चार वाक्यं पाच मिनिटांत."

तिने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं झोपली. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता म्हणाली, "असू दे. नंतर घाला."

त्यानंतर ती पन्नास दिवस जगली. रोज तिला औषध देताना मला वाटायचं की आज घालीन. दुपारी ती झोपली की कॉम्प्युटर लावायचो, सहावं पान काढायचो, आणि बंद करायचो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. एकदाच, शेवटच्या आठवड्यात, मी भांडी घासत होतो तेव्हा आतून म्हणाली, "मला कळांचा आवाज आला नाही हो आज." मी म्हटलं, आज काही टाइप करायचं नाहीये. ती म्हणाली, "बरं."

म्हणजे बघ, वायर मोडली नसती, इमेज मी उतरवली नसती, तुझी दहावी ओळ पुढच्या बाजूला असती, बाईंना अख्खी फाइल सापडली असती, तरी तुझ्या आईचं पत्र तुला मिळालं नसतं. त्यात ती चार वाक्यं नव्हतीच. ती आता फक्त माझ्या डोक्यात आहेत, आणि मी अडुसष्ट वर्षांचा आहे.

एका बोटाने एकोणीस दिवस टाइप केलेलं विसरता येत नाही, हे मला आत्ता कळलं. प्रत्येक अक्षर शोधावं लागलं होतं. गेले दहा दिवस बसून मी पत्र हाताने उतरवून काढलं आहे. नऊ पानं झाली. सोबत आहेत. जिथे तिचा शब्द नक्की आठवला नाही तिथे खाली टिंबं दिली आहेत. अशा सोळा जागा आहेत. स्टुलाचं वाक्य आठव्या पानावर आहे. ते मला आठवलं होतं तसंच सापडलं, त्यामुळे बाकीच्यावरही तू विश्वास ठेवायला हरकत नाही. पत्राचा पहिला शब्द 'कॉमा' आहे. लहानपणी तू पाय पोटाशी घेऊन स्वल्पविरामासारखी झोपायचीस म्हणून ती तुला ते म्हणायची. ते नाव तिचं, म्हणून मी वापरत नाही.

सहावं पान जरा नीट बघ.

उतरवून काढताना त्या जागी मी पुन्हा तेच केलं. आधीच्या वाक्याला पुढचं वाक्य जोडून मोकळा झालो. 'तू निघून गेलीस आणि मला मावशीकडून तुझी नोकरी लागल्याचं कळलं.' वाचायला इतकं सरळ जातं की तुला शंकाही आली नसती. पान पुरं करून मी सातव्या पानाला हात घातला, तीन ओळी लिहिल्या आणि थांबलो. नवा कागद घेऊन सहावं पान पुन्हा लिहिता आलं असतं. मी ते केलं नाही. त्या वाक्यावर एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. समासात चार वाक्यं आहेत, तिच्या शब्दांत. टिंबं नाहीत. इथेही लिहितो, म्हणजे ते पान टपालात गहाळ झालं तरी राहील:

'तू आलीस त्या दिवशी मी आतल्या खोलीत टाइप करत होते. बाबांनी दारातूनच मागे हात करून मला थांब अशी खूण केली आणि मी थांबले. तुझी पावलं खाली जाईपर्यंत मी बोटं कळांवर ठेवून बसून होते. मला उठता आलं असतं, तेव्हा हातपाय सगळे चालत होते, पण मी उठले नाही.'

ती वाक्यं मी का गाळली, त्याला मी इतके दिवस एक बरं कारण देत होतो. तुझ्या मनात आईबद्दल कडवटपणा राहू नये म्हणून. त्यातलं मागे केलेल्या हाताचं वाक्य तेवढं गाळून बाकीची ठेवली असती, तर ती एकटीच दोषी दिसली असती, हेही मी मनात मांडून पाहिलं होतं. इतका विचार केला होता.

तू तेव्हा जिन्यात आवाज ऐकला असणार. तो मध्येच थांबलेलाही ऐकला असणार. अकराव्या ओळीत तू तेच लिहिलंस, असं मी समजतो. चार वर्षं तू हे जाणून होतीस, आणि मी पहिल्या पत्रात चुकामूक असं लिहिलं. ते पत्र तुझ्याजवळ असेल तर त्या वाक्यावर एक रेघ मार. शेजारची सही खाली करतो आहे ती समज.

कीबोर्ड याच पार्सलमध्ये आहे. पुसलेला नाही. डिस्क आणि ती मोडलेली वायर बाईंकडेच राहू दिली. कॉम्प्युटर आता मी लावणार नाही.

उत्तर लिहायचं बंधन नाही. आलीस तर दार मी उघडीन, आणि तुला बाजूने आत जाता येईल इतका सरकून उभा राहीन. नाही आलीस तरी तुझं बरोबर आहे.

तुझी आई त्या दिवशी घरी होती.

बाबा